रिकामा डबा घेऊन या

सुशीला,

तुझ्या खुर्चीत बसून लिहिते आहे. चॅपलच्या मागच्या खोलीतली, डावा हात डुगडुगणारी खुर्ची, जिच्यात तू मला वीस वर्षांत एकदाही बसू दिलं नाहीस. 'तुझं वजन तिला झेपणार नाही,' म्हणायचीस. झेपतंय. तुला जाऊन आज सव्वीस दिवस झाले आणि खुर्ची अजून उभी आहे, हे आधी सांगून टाकते, म्हणजे आपलं भांडण जिथे थांबलं होतं तिथून पुढे चालू करता येईल.

रविवारची सकाळ आहे. भिंतीपलीकडे चॅपलमध्ये वेल्शमध्ये गाणं चाललंय. काल इथे बस येऊन गेली. त्याचं सांगायचंच आहे, पण आधी पत्राचं.

तू गेल्यावर नवव्या दिवशी कौन्सिलचं पत्र आलं. पहिल्या दोन ओळी तुझ्यासाठी दुःखाच्या. तिसऱ्या ओळीत ही खोली बंद. पाहुण्यांना माहिती द्यायला, चहा द्यायला, टेकायला ही एक खोली गावाने वीस वर्षं चालवली, ती हंगामाच्या आधी आवरून टाकायची आणि चौकात एक फळा लावायचा. फळ्यावर काळ्या ठिपक्यांचा चौकोन. तो फोनने टिपला की आख्खं गाव फोनमध्ये. 'मिसेस मेश्राम यांच्या जाण्याने ही वेळ आपोआपच योग्य ठरते,' असं लिहिलं होतं. मी ते नेरिसला वाचून दाखवलं. बेकरीतली नेरिस कधी आवाज चढवत नाही, तुला माहीत आहे. तिने हाताचं पीठ झटकलं आणि विचारलं, "योग्य कुणासाठी?"

तू असतीस तर म्हणाली असतीस, माझ्या मढ्यावरून जा. आता तेही राहिलं नाही, तू धूर होऊन गेलीस. म्हणून मी कौन्सिलरला, आपल्या ग्लिनला, फोन करून सांगितलं, माझ्यावरून जा. मी जाड आहे, वेळ लागेल.

नागपूर, नर्सिंग, इंग्लंडमधल्या रीडिंगचं हॉस्पिटल, मग इथलं छोटं हॉस्पिटल, हे सगळं तुला निरोप दिला त्या दिवशी सांगून झालं. पांढऱ्या साड्यांतल्या बायकांनी त्रिशरण म्हटलं, मागून चॅपलच्या बायका त्यांचं काहीतरी हळू गात होत्या, आणि दोन्ही एकमेकांत इतकं मिसळलं की मला रडायला जागाच सापडेना. ते पुन्हा लिहीत नाही. मला लिहायचंय त्या पहिल्या शनिवारबद्दल. तू त्या दिवशी एक प्रश्न विचारला होतास आणि मी खोटं बोलले होते.

मी तेव्हा चोपन्न वर्षांची. म्हणजे अक्कल यायला हरकत नव्हती. रीडिंगच्या मराठी मंडळाची मी सहल-प्रमुख. मला कुणी निवडून दिलं नव्हतं, शिट्टी माझ्याकडे होती एवढंच. पैठणीवर फ्लीसचं जाकीट, पायात ट्रेकिंगचे बूट, गळ्यात शिट्टी, हातात यादी. ते फोटो रिया अजून काढून दाखवते. "आजी, तू हे घालून बाहेर गेला होता?" विचारते. नातीच्या क्रियापदांचं मी मनावर घेत नाही, पण त्या बाईला ओळख द्यायला मलाही नकोच वाटतं.

तू फोन केलास तेव्हा आपण अजून अहो-जाहोत होतो.

"कुंदाताई, तुमची सहल दर वर्षी आमच्या गावावरूनच समुद्राकडे जाते. एकदा थांबवा की."

"काय आहे तिथे बघायला?"

"गाव आहे."

मला ते उत्तर फार अपुरं वाटलं. तू मग समजावून सांगितलंस. लोकरीची गिरणी बंद पडली, तिच्या मागे एकेक दुकान गेलं. आता नुसत्या गाड्या जातात. लोक खिडकीतून बघतात, 'हाऊ लव्हली' म्हणतात आणि पुढच्या वळणावर विसरतात. ते इथे थांबले, जेवले, एक रात्र राहिले, तर उरलेली दुकानं टिकतील. चॅपलच्या बायका जेवण करणार आहेत, मी स्वतः चुलीपाशी उभी राहणार आहे, मटणाचा अंश नाही, अंडंसुद्धा नाही, अशी तू मला पुन्हा पुन्हा खात्री दिलीस. मी "हो हो" म्हटलं. माझं 'हो हो' म्हणजे काय ते तुला तेव्हा कळायचं नव्हतं. नंतर कळलं, आणि तू ते कायम माझ्या नावावर लावलंस.

बस आली. एकोणपन्नास माणसं आणि मी. मी गावाला दीड तास दिला होता: किल्ल्याचे दगड, फोटो, जेवण, टॉयलेट. खरं सांगायचं तर त्या दिवशी टॉयलेट हेच तुझ्या गावाचं मुख्य आकर्षण होतं. नदीकाठच्या कार पार्कात मी शिट्टी मारली, चादरी अंथरल्या गेल्या, आणि बसच्या पोटातून डबे निघाले. पुऱ्या, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, श्रीखंड, दोन प्रकारची लोणची. आपण सहलीला निघालो की मुक्कामाचं गाव कुठलं हे नंतर ठरतं, पुऱ्या आधी लाटल्या जातात. पहाटे उठून लाटल्या होत्या, तुला सांगते, आणि मला स्वतःचा अभिमान वाटत होता.

तू वरून चालत आलीस. ॲप्रन तसाच होता. मागे, चॅपलच्या दारात, नेरिस आणि आणखी पाच-सहा जणी रांगेत उभ्या. त्यांनी केस सेट करून घेतले होते, हे मला लांबूनही दिसलं.

"कुंदाताई, वर टेबलं मांडलीयत."

"अहो, आमचं झालंच की बसून. तुम्ही पण घ्या ना पुरी."

तू माझ्याकडे बघितलंस, मग डब्याकडे. हात पुढे केलास. मी एक पुरी दिली, तिच्यावर भाजी. तू ती उभ्याने खाल्लीस, सगळ्यांसमोर, अगदी सावकाश. हात पुसलेस आणि हळू आवाजात विचारलंस, "डबा कशाला आणलात? खर्च वाचवायला, की हातचं नको म्हणून?"

"काहीतरीच काय. खर्च वाचवायला," मी म्हटलं.

"बरं," तू म्हणालीस.

तुझ्या त्या 'बरं'वर मी वीस वर्षं बसून आहे. कुठल्याही खुर्चीपेक्षा ते टोचतं.

लीकचं, म्हणजे त्यांच्या त्या जाड कांद्याच्या पातीचं, सूप तीन मोठी पातेली भरून उरलं. गावाने ते आठवडाभर प्यायलं, हे नेरिसने मला खूप वर्षांनी, हसत सांगितलं. 'बारा ब्रीथ' नावाचा त्यांचा मनुकांचा गोड पाव, त्याचे डझनभर लांबट लोफ. टेबलांवर पांढरे कपडे. आम्ही दीड तासात परत बसमध्ये. घाईत माझा चार पुडांचा स्टीलचा डबा कार पार्कच्या भिंतीवर राहिला, आणि समुद्राकडे जाताना मला दुःख कशाचं झालं, तर डब्याचं.

त्या आठवड्यात तुझा फोन आला. मी तो कानापासून लांब धरून ऐकला. "वेल्समध्ये शिरायचा पूल ओलांडायला पैसे देता तुम्ही लोक, आणि इकडे येऊन कुणाचा एक कप चहा घेत नाही," म्हणालीस. "नदी घाण केली नाहीत, एवढे उपकार." मी सॉरी म्हटलं. तू म्हणालीस, "सॉरी नको. पुढच्या वर्षी परत या. डबे घेऊनच या. रिकामे."

मला वाटलं टोमणा आहे. महिन्याभराने मंडळाच्या पत्त्यावर कार्ड आलं, तुझ्या अक्षरात, मराठीत एकच ओळ: रिकामा डबा घेऊन या. खाली वेल्शमध्ये काहीतरी होतं, ते 'पोट पण' असं आहे हे मला वर्षाने कळलं.

आणि लोक आले, सुशीला. हे मला अजून खरं वाटत नाही. इथे जेवायचं, इथे झोपायचं, आणि जाताना डबा भरून न्यायचा. नेरिसकडचे केक, वरच्या शेतावरचं चीज, चॅपलच्या बायकांचा कांद्याचा जॅम. रीडिंगमध्ये लोक एकमेकांना विचारायला लागले, तुझ्या डब्यात काय आलं? मंडळाच्या बायका तर भरायला आणखी मोठे डबे विकत घेऊ लागल्या. पुरीच्या जातीच्या बायका आहोत आम्ही, हात रिकामा ठेवून आम्हाला कुठे जाताच येत नाही, हे तू ओळखलंस आणि आमच्या त्याच खोडीवर या गावाचा गाडा चालवलास.

तुझ्याबरोबर काम करणं मात्र शिक्षा होती. मी पत्रक लिहिलं, 'वेल्सचं महाबळेश्वर'. मला ते इतकं आवडलं होतं की झोप लागली नव्हती. तू ते माझ्यासमोर चार तुकडे करून टोपलीत टाकलंस. "या गावाला स्वतःचं नाव आहे. तुझ्या जिभेला जड जातं म्हणून बदलायचं? कुणी आपल्याला दुसऱ्याच नावाने हाक मारावी, हे आम्ही भरपूर बघितलंय." तोवर आपण 'तू'वर आलो होतो, आणि रागात असलीस की मी 'कुंदे' होत असे. मग फर्मान निघालं: 'बोरे दा' आणि 'दिओल्ख' म्हणता आल्याशिवाय कुणी बसमधून उतरायचं नाही. नमस्कार आणि आभार, दोनच शब्द, पण एकोणपन्नास मराठी माणसांच्या घशातून तो 'ख' काढायला मला पूल ते गाव एवढा रस्ता पुरत नसे. तू साठीत त्यांच्या भाषेच्या क्लासला बसलीस तेव्हा मी तुला पोपट म्हटलं होतं. ते मी परत घेत नाही. हिरवं स्वेटर घालून तू तशीच दिसायचीस.

आपलं खरं भांडण किती माणसं आणायची याचं होतं. मला दर शनिवारी दोन बसेस हव्या होत्या, मग तीन, मग इथे गरबा. तुला एक. "किती माणसांना नेरिस नावाने ओळखू शकेल, तेवढीच आणायची." आणि ती दारावर किल्लीची पेटी लावलेली, सुट्टीपुरती भाड्याने द्यायची घरं, मालक लंडनमध्ये, पाहुणा आला, आकडे फिरवले, झोपला, गेला, कुणाशी एक शब्द नाही. हिवाळ्यात त्या आळीत एक दिवा नसतो. मी म्हणायची, अगं तेही पर्यटनच आहे. तू म्हणायचीस, "तेही डबा घेऊनच आलेत, कुंदे. फक्त तो घराएवढा आहे." म्हणून मी हरले असं नाही. दोन बसेस झेपल्या असत्या.

हॉस्पिटलमध्ये मी तुला वरण-भात घेऊन आले. झाकण उघडलं तशी तू हसलीस, हसता हसता खोकलीस. "डबा आणलास? माझ्यासाठी? बघ, शेवटी." दोन चमचे खाल्लेस. मी तेव्हाच सांगणार होते. अगदी तोंडाशी आलं होतं. पण तू डोळे मिटलेस, आणि मला वाटलं उद्या सांगू. मला कायम वाटतं, उद्या सांगू.

आता काल. ग्लिन म्हणाला होता, खोलीत येतं कोण ते आम्ही बघायला येतो, मग ठरवू. म्हणून मी बस आणली. रीडिंगहून निघून लंडनच्या ईलिंगची माणसं घेतली, म्हणजे उलटं जाऊन परत आले, ड्रायव्हर माझ्यावर अजून चिडलेला असेल. पूल दिसायला लागला तसा मी माइक घेतला. लोकांना वाटलं, आता 'दिओल्ख' चालू होणार. रिया पहिल्या सीटवर माझी पर्स धरून होती.

मी सांगितलं. पहिल्या सहलीच्या आधी मंडळाच्या बैठकीत कुणीतरी विचारलं होतं, 'तिथे स्वयंपाक कोण करणार? ती मेश्राम असेल ना?' आणि मी म्हटलं होतं, काळजी नको, आपण आपलं नेऊ. काळजी कसली, हे मी विचारलं नाही. कळलं नव्हतं म्हणून नाही. कळलं होतं म्हणूनच. वर मला सुटल्यासारखं वाटलं, की आता कुणाला काही बोलायला नको. मी सगळ्यांना सांगत असे की आमच्या घरातलं सोवळं मी पुण्यात सोडून आले. ते बॅगेच्या तळाशी घडी घालून बरोबर आलं होतं. त्या दिवशी पुऱ्या लाटून मी ते बाहेर काढलं, कार पार्कात चादरीवर अंथरलं, आणि तिच्याच तोंडावर म्हटलं, खर्च वाचवायला. ज्या बाईने आमच्यासाठी तीन पातेली सूप ढवळलं, तिने माझ्या हातची पुरी खाल्ली, आणि मी तिच्या हातचा एक घोट घेतला नाही.

ईलिंगच्या एक बाई म्हणाल्या, "जाऊ द्या कुंदाताई, झालं ते झालं."

"ते म्हणायचा हक्क तिचा होता," मी म्हटलं.

मग मागच्या रांगेतून एका वयस्कर गृहस्थांचा आवाज आला. ते पहिल्या सहलीलाही होते. आता काठी घेऊन चालतात. "बैठकीत विचारणारा मी," एवढंच म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. खाली नदीचं पाणी ओहोटीला लागलं होतं, नुसता चिखल चमकत होता.

खोलीत सूपच्या रांगेत तेच पहिले उभे होते. वाडगा दोन्ही हातांनी घेतला. नेरिसला 'दिओल्ख' म्हणाले, तेही नीट, घशातून. माझ्याकडे बघितलं नाही, मीही बघितलं नाही. सूप तुझ्या पद्धतीचं होतं, शेवटी चिमूटभर जिरं. ती तुझी खोड नेरिसने चिठ्ठीवर लिहून ठेवलीय.

ग्लिन आणि समितीतले आणखी दोघे दाराशी. ग्लिनने सगळ्यांना चौकात नेऊन तो फळा दाखवला, नमुन्याचा, अजून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. फोन समोर धरला. काही होईना. इकडे धरला, तिकडे धरला. मग बाकावर चढला आणि हात वर करून उभा राहिला, पाऊस मागायला उभा असल्यासारखा. या दरीत सिग्नल येत नाही, हे त्याला जन्मापासून माहीत आहे. आमची सगळी मंडळी मान वर करून आदराने बघत होती. कुणाला तरी वाटलं तो पुतळा आहे.

"ग्लिन," नेरिस दारातून म्हणाली, "उतर खाली. सूप गार होतंय."

तो उतरला. दोन वाडगे प्यायला. तोवर आमच्या बायकांनी डबे उघडले होते, आणि त्यात काय काय चाललंय ते तो बघत राहिला. जॅम संपला, चीज संपलं, नेरिसची पोरगी बेकरीत तीनदा पळाली. एका आजोबांना गुडघ्यासाठी उशी मिळाली, एका सुनेला गावातल्या कुणाच्या तरी पणजीच्या हातमागावर बसून फोटो मिळाला. ग्लिन माझ्या शेजारी येऊन म्हणाला, "या हंगामापुरती चालू ठेवू. ऑक्टोबरमध्ये परत बघू."

"लिहून दे."

"ऑफिसमधून पाठवतो."

"आत्ता."

त्याच्याकडे कागद नव्हता. मी बारा ब्रीथची पिशवी पुढे केली, त्याने तिच्यावर लिहिलं आणि सही केली. तुपकट डाग पडलाय, पण वाचता येतं. तो म्हणाला, हंगाम दिला तुम्हाला. मी म्हटलं, दिला नाहीस, घेतला.

तो माझा चार पुडांचा डबा तू इतकी वर्षं इथल्या फळीवर ठेवलास, पत्रकं भरून, माझ्या डोळ्यांसमोर येईल असा. मी कधी मागितला नाही. काल रिया म्हणाली, "आजी, हा आपली आहे ना? घरी नेऊया." मी नाही म्हटलं. पिशवीची घडी करून सगळ्यात खालच्या पुडात ठेवली आणि डबा पुन्हा फळीवर.

तर हे. बस ऐकून गेली, गावात कदाचित पोचलंही असेल, पण तुला मी अजून सांगितलंच नव्हतं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर 'हातचं नको म्हणून' हे होतं. खर्चही वाचला, पण तो मी नंतर मोजला. काल मी तुझ्या पद्धतीच्या सूपचे दोन वाडगे प्याले. वीस वर्षांत शंभर वेळा प्याले असेन, पण त्या पहिल्या पातेल्यातलं ते नव्हे, आणि त्या पातेल्यातलं आता कधीच मिळायचं नाही.

आता 'बरं' म्हण बघू. नाही म्हणालीस तरी चालेल. ऑक्टोबरपर्यंत मी या खुर्चीतून उठत नाही.

कुंदा